पॅकेज नेमकं कुठून येतं? : एका सोयीची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कविता, कादंबरी किंवा नाटक येतं. आज आम्ही समीक्षेसाठी निवडलीय ती संगणकावरची एक सोय. पॅकेज मॅनेजरला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सूचना देण्याची सोय. विषय रुक्ष वाटेल, पण समीक्षक कुठल्याही मजकुराला जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारता येतात. हे वाक्य कोण बोलतंय? कुणाला उद्देशून? आणि जे बोललं गेलं नाही, ते कुठे दडलंय? सेटिंग हेसुद्धा एक वाक्यच असतं. फक्त ते माणसाऐवजी यंत्र वाचतं, आणि वाचलं की लगेच तसं वागतं.

एक खुलासा आधी करतो. या व्हेरिएबलांची नावं पडद्यावर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मधे अंडरस्कोर देऊन लिहिलेली असतात. बोलताना आम्ही ती जशी उच्चारतो, तशीच इथे येतील.

आधी पॅकेज मॅनेजर. आम्ही मुख्यतः पिपबद्दल बोलणार आहोत, कारण पायथन शिकणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच त्याला भेटतो. टर्मिनलवर ‘पिप इन्स्टॉल’ लिहायचं, पुढे पॅकेजचं नाव, आणि एंटर. पिप ते पॅकेज शोधतो, त्याला आणखी काय काय लागतं ते शोधतो, उतरवतो, बसवतो. मुळात तो हे सगळं पायपीआय नावाच्या सार्वजनिक इंडेक्सवरून आणतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उतरवलेला हा माल म्हणजे कोड आहे. तो आपल्या मशीनवर, आपल्या अधिकाराने चालणार आहे. काही पॅकेजेस तर मूळ स्वरूपात येतात आणि बसवतानाच त्यांच्यातला कोड चालतो. त्यामुळे ‘पॅकेज कुठून आणायचं’ हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ‘घराची किल्ली कुणाला द्यायची’ असा तो प्रश्न आहे.

आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही कल्पना आजच्या रूपात आहे. एक नाव, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे एक किंमत. बस, इतकंच. एखादा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला जन्म देतो, तेव्हा स्वतःजवळच्या अशा सगळ्या जोड्यांची एक प्रत त्याच्या हाती ठेवतो. पोरगं त्या प्रतीत हवे ते बदल करू शकतं, पण आईबापांकडची मूळ यादी त्याला बदलता येत नाही.

‘एन्व्हायर्नमेंट’ला आपण पुस्तकी मराठीत पर्यावरण म्हणतो. आम्हाला विचाराल तर इथे ‘घरचं वातावरण’ हा शब्द जास्त बसतो. घरात काही गोष्टी कुणी सांगत नाही, तरी त्या आपल्यात उतरतात. चप्पल कुठे काढायची, कुणासमोर आवाज चढवायचा नाही. विचारलं तर सांगताही येत नाही की हे आपण नेमकं कधी शिकलो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं असंच आहे. त्याला तारीख नसते, लेखक नसतो, शेजारी टीप नसते. चालत्या प्रोग्रामला फक्त एवढंच कळतं की हे आपल्याकडे आलंय. कुठून आलं, ते कळत नाही.

पिपचा याबाबतचा नियम मोठा देखणा आहे, आणि समीक्षा करायची म्हणून त्याचं श्रेय आम्ही नाकारणार नाही. कमांडवर जो काही लांब नावाचा पर्याय देता येतो, तोच व्हेरिएबलमधूनही देता येतो. सुरुवातीला ‘पिप’, पुढे पर्यायाचं नाव कॅपिटलमध्ये, आणि आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोर. म्हणजे नेट संथ आहे, पिप लवकर कंटाळतो, तर ‘पिप_डीफॉल्ट_टाइमआउट’ ६० करून टाका. मग दर वेळी कमांडमध्ये तेच लिहायला नको. आणि परस्परविरोधी सूचना आल्या तर क्रम ठरलेला आहे. कमांडवर लिहिलेलं सगळ्यांत वरचढ, त्याखाली व्हेरिएबल, त्याखाली कॉन्फिग फाइल. एकच नियम, आणि तो सगळ्या पर्यायांना लागू. पाठांतर नको.

याचा फार चांगला उपयोगही होतो. ‘पिप_रिक्वायर_व्हर्च्युअलएन्व्ह’ हे व्हेरिएबल लावून ठेवलं, की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर काही बसवायला पिप साफ नकार देतो. घाईत चुकीच्या जागी पॅकेज बसवून अख्ख्या मशीनचं पायथन बिघडवलेल्या माणसाला या एका ओळीची किंमत कळते. आम्हाला कळली आहे.

मग तक्रार काय? तक्रारी दोन आहेत. एक भाषेची, एक विश्वासाची.

भाषेची आधी. व्हेरिएबलची किंमत ही कायम अक्षरांची ओळ असते. तिथे ‘हो’ आणि ‘नाही’ असे प्रकारच नाहीत. ‘हो’ म्हणजे १, की ‘ट्रू’, की ‘येस’, हे प्रत्येक साधन आपापलं ठरवतं. पिपच्या दस्तऐवजात मुद्दाम बजावलंय की व्हेरिएबल रिकामं ठेवलं तर त्याचा अर्थ ‘नाही’ होत नाही. ‘नाही’ म्हणायचं तर ‘नो’, ‘फॉल्स’ किंवा शून्य असं लिहावं लागतं.

आणि याचं सगळ्यांत गमतीदार उदाहरण म्हणजे ‘पिप_नो_कॅश_डिर’. नावाचा अर्थ, उतरवलेल्या फायलींचा साठा ठेवू नकोस. आता या व्हेरिएबलची किंमत ‘फॉल्स’ ठेवली तर काय व्हावं? ‘साठा ठेवू नकोस’ हे खोटं, म्हणजे साठा ठेव. दोन नकारांचा होकार, शाळेत शिकल्याप्रमाणे. प्रत्यक्षात पिपच्या जुन्या आवृत्त्यांत उलट व्हायचं, ‘फॉल्स’ म्हटलं की साठा बंद. लोकांनी तसंच धरून आपापल्या स्क्रिप्ट लिहिल्या. पुढे ही चूक लक्षात आली, पण लोकांच्या स्क्रिप्ट मोडायला नकोत म्हणून पिपच्या कोडमध्ये तडजोड झाली. आता ‘ट्रू’ म्हणा की ‘फॉल्स’, साठा बंदच होतो. कोडमध्ये शेजारी तशी प्रांजळ टीपही आहे. नको म्हणा किंवा ‘नको’ला नको म्हणा, उत्तर एकच, नको.

यात पिपच्या मंडळींना हसण्यासारखं काही नाही, त्यांनी वापरणाऱ्यांची काळजी घेतली. पण हा घोळ मुळात का झाला ते बघा. कमांडवर हा पर्याय म्हणजे नुसती खूण असते. खूण दिली किंवा नाही दिली, तिसरं काही नाही. तीच खूण व्हेरिएबलच्या साच्यात ओतली की तिला किंमत चिकटवावी लागते, आणि नकारार्थी नावाला किंमत चिकटली की वाक्य फसतं. सगळ्या पर्यायांना एकच नियम लावण्याच्या देखणेपणाची ही किंमत आहे.

मॅकवर लोकप्रिय असलेल्या होमब्रूमध्ये नकारांचं हे व्याकरण आणखी पसरलेलं दिसतं. ‘होमब्रू_नो_ऑटो_अपडेट’, म्हणजे आपणहून अद्ययावत होऊ नकोस. ‘होमब्रू_नो_अ‍ॅनालिटिक्स’, म्हणजे माझ्या वापराची माहिती पाठवू नकोस. होमब्रूने ही माहिती गोळा करणं २०१६ साली सुरू केलं, आणि नको असेल त्याने तसं सांगायचं. शिवाय होमब्रू काम करताना मधूनमधून सुचवतो, की अमुक वागणं नको असेल तर तमुक व्हेरिएबल लावा. त्या सूचनांचाही कंटाळा आला तर त्या बंद करायलाही व्हेरिएबल आहे, ‘होमब्रू_नो_एन्व्ह_हिंट्स’. म्हणजे व्हेरिएबलांची आठवण करून देऊ नकोस, हे सांगणारं व्हेरिएबल.

हसण्याचा भाग सोडा. या यादीकडे समीक्षक म्हणून पाहिलं तर एक गोष्ट दिसते. साधनाचा होकार कोडमध्ये पक्का लिहिलेला आहे, आणि वापरणाऱ्याचा नकार मात्र वातावरणात सोडलेला. नवं मशीन घेतलं, नवी शेल वापरली, की आपला नकार मागेच राहतो. होमब्रूने नंतर या व्हेरिएबलांसाठी फाइलची सोय केली, ती याच दिशेने टाकलेलं योग्य पाऊल आहे.

आता विश्वासाची तक्रार. इथे आमचाच एक अनुभव सांगतो.

आम्ही चार जण मिळून एक छोटं साधन लिहीत होतो. पॅकेजेसची यादी चौघांकडे एकच, पायथन एकच. तिघांकडे सगळं चालायचं, चौथ्याकडे एक पॅकेज कायम जुन्या आवृत्तीवर अडायचं. ‘माझ्या मशीनवर चालतं’ हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. यादी तपासली, साठा पुसला, पायथन पुन्हा बसवलं. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कारण सापडलं ते शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत. त्यात ‘पिप_इंडेक्स_यूआरएल’ लिहिलेलं होतं, आणि पत्ता होता त्याच्या आधीच्या नोकरीतल्या सर्व्हरचा. नोकरी सुटली, लॅपटॉप बदलला, पण जुनी फाइल जशीच्या तशी नव्या लॅपटॉपवर आली. तो सर्व्हर बाहेरूनही पोहोचता येण्यासारखा होता, आणि बऱ्याच दिवसांत कुणी अद्ययावत केलेला नव्हता.

दोन संध्याकाळी वाया गेल्याचं दुःख लवकर ओसरलं. जे ओसरलं नाही ते हे, की इतके महिने आमच्या एका मशीनवर येणारा सगळा कोड कुठून येतोय हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्या जागी जुना सर्व्हर होता म्हणून फक्त जुनी पॅकेजेस आली. उद्या तोच पत्ता दुसऱ्या कुणाच्या हाती गेला असता, तर त्याने जे दिलं असतं ते आम्ही निमूट चालवलं असतं. ही भीती आम्ही कल्पनेतून रंगवलेली नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने ‘डिपेंडन्सी कन्फ्यूजन’ नावाची पद्धत जाहीर केली. मोठ्या कंपन्या अंतर्गत वापरासाठी खासगी पॅकेजेस ठेवतात. बिर्सानने त्यांची नावं शोधली आणि त्याच नावांची, पण वरच्या आवृत्तीची पॅकेजेस सार्वजनिक इंडेक्सवर ठेवली. ३५ हून अधिक संस्थांच्या आतल्या मशीनवर त्याचा कोड चालला. त्यात अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्टही होत्या.

यात पिपचा कुठला गुण कामी आला? ‘एक्स्ट्रा इंडेक्स यूआरएल’ हा पर्याय. व्हेरिएबलमधून द्यायचा तर ‘पिप_एक्स्ट्रा_इंडेक्स_यूआरएल’. ‘एक्स्ट्रा’ हा शब्द वाचून माणूस काय समजेल? मुख्य ठिकाणी नाही मिळालं, तर हे जादाचं ठिकाण बघ. किंवा उलट, आधी माझं खासगी ठिकाण बघ, मग सार्वजनिक. दोन्ही समज चुकीचे. पिपच्या लेखी सगळी ठिकाणं समान आहेत. तो सगळीकडे बघतो आणि सगळ्यांत योग्य, बहुधा सगळ्यांत वरची, आवृत्ती उचलतो. तिथे रांग नाही, लिलाव आहे, आणि लिलावात जो मोठा आकडा बोलतो तो जिंकतो. आमच्या मते हा नावाचा दोष आहे. एका शब्दाने क्रम सुचवला, आणि तो क्रम कधी नव्हताच.

डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या बाबतीत हेच घडलं. २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान ज्यांनी लिनक्सवर पिपने त्याची नाइटली आवृत्ती बसवली, त्यांच्याकडे ‘टॉर्चट्रायटन’ नावाचं बनावट पॅकेज आलं. खरं पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या इंडेक्सवर होतं, बनावट पायपीआयवर. बनावट जिंकलं. आणि त्याने मशीनवरून जे उचलून बाहेर पाठवलं, त्यात काय काय होतं? एसएसएचच्या फोल्डरमधल्या फायली होत्या, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलंही होती. तिथे दोष व्हेरिएबलचा होता असं आम्ही म्हणत नाही. पण एक लक्षात घ्या. जे वातावरण सगळ्या मुलांना सारखं वाटून दिलं जातं, ते चोराच्या पोरालाही मिळतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ‘अहो, कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा, असं तर ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅपमध्येच सांगितलंय.’ बरोबर आहे. हेरोकूच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या या बारा तत्त्वांतलं ते तिसरं तत्त्व आहे. पण पुस्तक वाचताना मागचं पान वगळू नये. दुसरं तत्त्व काय आहे? अ‍ॅपला लागणारी प्रत्येक डिपेंडन्सी उघडपणे जाहीर करा, मशीनवर काहीतरी आधीपासून असेलच असं गृहीत धरू नका. तिसरं तत्त्व चालत्या अ‍ॅपसाठी आहे, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, ठिकाणागणिक बदलणाऱ्या गोष्टी. पॅकेजचा उगम ही दुसऱ्या तत्त्वाची बाब आहे. तो आपण व्हेरिएबलमध्ये ढकलतो, तेव्हा तिसऱ्या तत्त्वाचा आधार घेऊन दुसरं मोडतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस मशीन आहेत, बाहेरचं नेट धड नाही, स्थानिक सर्व्हरवर पॅकेजेस ठेवलीत. तिथे एका ओळीत सगळ्यांना तो पत्ता देता येतो, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. आम्हीही तेच करू. पण तोच पत्ता पिपच्या कॉन्फिग फाइलीतही लिहिता येतो. तिथे वर एक टीप लिहिता येते, की हा पत्ता कशासाठी, कुणी, कधी लिहिला. आणि महत्त्वाच्या प्रकल्पात पॅकेजच्या यादीतच प्रत्येक फाइलचा हॅश नोंदवता येतो. मग माल कुठूनही येवो, हॅश जुळला नाही तर पिप तो नाकारतो. तेव्हा पत्ता बदलला तरी बिघडत नाही, कारण विश्वास पत्त्यावर उरत नाही, तो प्रत्यक्ष फाइलीवर येतो.

वातावरणावर अजिबात विसंबायचं नाही, असं ठरवणारं साधनही आहे. निक्स. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठातल्या २००६ च्या प्रबंधात त्याची मांडणी केली. निक्स पॅकेज बांधायला घेतो तेव्हा घरून आलेली व्हेरिएबलं पुसून टाकतो. चुकून कुणी त्यावर विसंबू नये म्हणून ‘होम’ची किंमत ठेवतो ‘होमलेस-शेल्टर’, म्हणजे बेघरांचा निवारा, आणि ‘पाथ’ची किंमत ‘पाथ-नॉट-सेट’. आम्हाला ही नावं आवडतात. ती खोटं बोलत नाहीत. तरी निक्सलाही मोह पूर्ण सुटला नाही. पॅकेजांचा संग्रह कुठे शोधायचा हे सांगणारं ‘निक्स_पाथ’ नावाचं व्हेरिएबल त्यानेही बाळगलं, आणि त्यातून दोन मशीनवर दोन वेगळे निकाल येऊ शकतात. शिवाय निक्स शिकायला कष्ट पडतात, तेव्हा सगळ्यांनी उद्यापासून तेच वापरा असं आम्ही सांगणार नाही.

मग निवाडा काय? आम्ही सेटिंगचे दोन भाग करतो, सवयीची आणि उगमाची. किती वेळ थांबायचं, रंग दाखवायचे की नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटबाहेर नकार द्यायचा की नाही, या सवयी. त्या वातावरणात राहू द्या. चुकल्या तर वेळ जाईल, चिडचिड होईल, पण त्यातून कुणी परका घरात येणार नाही. कुठून आणायचं, कुणाचं प्रमाणपत्र मानायचं, कुठल्या सर्व्हरवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा, या उगमाच्या गोष्टी. त्या लिहिलेल्या असाव्यात, प्रकल्पाशेजारी, पुढचा माणूस वाचेल अशा जागी.

साधन लिहिणाऱ्यांकडून एक अपेक्षा आहे. नेहमीचा इंडेक्स सोडून दुसरा वापरला जात असेल तर पिप सुरुवातीलाच एक ओळ छापतो, ‘लुकिंग इन इंडेक्सेस’, आणि पुढे पत्ता. पत्ता छापतो, पण तो त्याला कुणी सांगितला, कमांडने, व्हेरिएबलने की फाइलीने, हे छापत नाही. ते विचारायला ‘पिप कॉन्फिग डीबग’ ही वेगळी कमांड आहे, आणि ती आधी माहीत असावी लागते. कोंडामध्ये प्रत्येक सेटिंग कुठून आली हे दाखवणारा पर्याय आहे. तो शोधण्याची वेळ येऊ नये, उगम बदललेला असेल तेव्हा साधनाने आपणहून सांगावं, इतकंच मागणं.

आणि शेवटी स्वतःबद्दल. आमच्या त्या चौथ्या लॅपटॉपवर पिप दर वेळी ती ओळ छापत होता. दोन संध्याकाळी ती आमच्या चौघांच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही वाचली नाही, कारण पिप काय लिहितो ते वाचायचं नसतं, ते वर सरकू द्यायचं असतं, अशी सवय आम्हाला होती. ती आम्हाला कुणी शिकवली नव्हती. तीही वातावरणातूनच आली होती.

आज घरी गेल्यावर एकदा ‘पिप कॉन्फिग डीबग’ चालवून बघा. जे दिसेल त्यातली प्रत्येक ओळ कुणी लिहिली, ते आठवतंय का बघा.